मंगळवार टेलरचा ब्राउनिया

कपडा शिवायला टाकून गिऱ्हाइकाने विचारलं, "कधी देता?", की टेलर मान वर न करता म्हणायचे, "मंगळवारी या." कुठला मंगळवार ते सांगायचे नाहीत आणि पहिल्या खेपेला कोणी विचारायचंही नाही. दुसऱ्या खेपेला विचारावं, तर तेव्हा नेमक्या त्यांच्या तोंडात टाचण्या असायच्या, त्यामुळे उत्तर यायचं ते नुसतं "हं हं" असं. अशी चाळीस वर्षं गेली. दुकानाच्या पाटीवर भलतंच नाव होतं, पण पाटी वाचतो कोण? सगळे त्यांना मंगळवारच म्हणायचे. मंगळवारकडे पँट टाकलीय, मंगळवारकडून कोट आणायचाय. पाकिटावर नुसतं 'मंगळवार टेलर' लिहिलेलं पत्रसुद्धा एकदा पोस्टमनने बिनचूक आणून दिलं होतं, आणि दारातच उभं राहून विचारलं होतं, "आता माझा खाकी शर्ट कधी देताय तेवढं बोला."

माणूस खोटारडा होता असं मात्र नाही हां. 'मंगळवारी' म्हणताना त्यांचा स्वतःचा त्यावर पुरता भरवसा असायचा. अडचण अशी, की झालेला कपडा त्यांना कधी झालेला वाटायचाच नाही. शिवण झाली, बटणं लागली, इस्त्री झाली, तरी ते कपडा उलटा करून खिडकीशी न्यायचे आणि आतल्या शिवणी तपासायचे. एखादा दोरा लोंबताना दिसला की कात्रीचं टोक पुढे. चट्. मग दुसरा. चट्. "लोंबेल ते कापायचं," हा त्यांचा एकमेव धर्म. "माणूस कसा आतूनसुद्धा नीटनेटका पाहिजे," असं ते म्हणायचे. तेवढ्यापायी गिऱ्हाइकावर बाहेर उघड्याने फिरायची पाळी आली तरी बेहत्तर!

धंदा बुडाला नाही तो काकूंमुळे. काकू म्हणजे मंगळवारांची बायको. मागच्या खोलीत बसून त्या काज करायच्या, बटणं लावायच्या, तुरपाई करायच्या. मंगळवारी रिकाम्या हाताने परतलेलं गिऱ्हाईक बुधवारी मागच्या दाराने यायचं. काकू मुकाट्याने कपडा घडी करून त्याच्या हातात ठेवायच्या आणि म्हणायच्या, "पळा आता. त्यांना दिसलात तर परत दोरे काढायला घेतील." त्यामुळे त्यांचंही नाव पडलंच होतं, बुधवारकाकू. त्यांना ते आवडायचं. "निदान माझा वार तरी खरा आहे," म्हणायच्या.

आता हे झाड आलं कुठून, तर सार्वजनिक बागेत मोठे माळी होते एक. मंगळवारांचे जुने दोस्त. त्यांनी लेकीच्या लग्नात घालायला कोट शिवायला टाकला होता. कोट झाला. फार सुंदर झाला. अंगात घालून ते पहिल्यांदा घराबाहेर पडले तेव्हा कडेवर नात होती आणि ती कॉलर चघळत होती. माळीबुवा तेव्हा एक अक्षर बोलले नाहीत. पण नोकरीतून सुटले त्याच्या दुसऱ्याच दिवशी एक कुंडी काखेत मारून दुकानात हजर.

"हे काय आणलंस?" मंगळवारांनी विचारलं.

"तुला भेट. ब्राउनिया. आपल्याकडे कोणाच्या दारात नसेल."

"ब्राउन? तपकिरी फुलं? अरे, सुतकी दिसतील."

"फूल लालभडक येतं. लहान मुलाच्या डोक्याएवढा गेंद. बघशील तर शिवणं विसरशील."

"मग नावात ब्राउन कशाला?"

"तुझ्या नावात मंगळवार कशाला?" माळीबुवांनी कुंडी कापड बेतायच्या टेबलावर ठेवली. "पण एक सांगतो. वाट बघायला लावतं. सात वर्षं लागतात. कळू दे तुला जरा."

असा डाव होता तो. पण मंगळवार खूश. सूड घेणाऱ्याने इतकी चांगली वस्तू दिल्याचं त्यांनी तरी कधी ऐकलं नव्हतं.

काकू मात्र खूश नव्हत्या आणि त्यांचंही बरोबर होतं. घर उंच आणि चिंचोळं. खाली पुढे दुकान, मागे खोली, वर दोन मजले आणि त्यांच्या डोक्यावर गच्ची. कोरं सुती कापड शिवण्याआधी पाण्यात भिजवून आटवून घ्यावं लागतं, नाहीतर पहिल्या धुण्याला बाही कोपरावर चढते. हे आटवायचं काम काकूंचं. ओल्या कापडाची बादली घेऊन गच्चीपर्यंत सदतीस पायऱ्या, रोज. गुडघे कुरकुरायला लागले होते. दुकानामागच्या अंगणात ऊन पडेल असा तुकडा एकच. तिथे दोरी बांधायची म्हणून काकूंनी भिंतीत दोन खिळे मारूनसुद्धा घेतले होते. नेमक्या त्याच तुकड्यात मंगळवार कुदळ घेऊन उभे.

"अहो, ही माझ्या दोरीची जागा आहे."

"अगं, सात वर्षांचा तर प्रश्न आहे."

"सात वर्षांनी माझे गुडघे तुम्ही शिवून देणार का?" काकू म्हणाल्या. पण नवऱ्याचं तोंड बघून त्यांना राहवलं नाही. इतक्या उल्हासाने मंगळवारांनी पूर्वी फक्त एकदाच काही केलं होतं, ते म्हणजे शिलाई मशीन विकत घेणं. "बरं, लावा. पण सात म्हणजे सात. आठव्या वर्षी फूल नसेल तर मी स्वतः कुऱ्हाडवाल्याला बोलावीन. आणि मला 'मंगळवारी' सांगायचं नाही."

"मंजूर," मंगळवार म्हणाले. इतक्या वर्षांत वायदा पाळायची खरी इच्छा त्यांना ही पहिल्यांदाच झाली.

झाड लागलं. चिकाटीचं निघालं. मंगळवार सकाळी टेप घेऊन त्याचं माप घ्यायचे: उंची, घेर, फांदीची लांबी. गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीत शेवटच्या पानावर त्याचंही माप होतं, फक्त 'कंबर' आणि 'घेर' एकच लिहिलेलं. दोस्तलोक थट्टा करायचे. पोस्टमन रोज ओरडून जायचा, "काय, आलं का फूल?" आणि मंगळवार हसून म्हणायचे, "येईल, येईल." पलीकडच्या बाकावरून कोणीतरी हमखास पुरवणी जोडायचं, "वार विचार रे, वार!"

गोची झाली ती अशी. वर्षातून दोन-तीनदा या झाडाच्या फांद्यांच्या टोकांना कसलेसे झुबके यायचे. मऊ, मरगळलेले, तपकिरी, वर फिक्कट ठिपके. पिळून नुकतीच वाळत टाकलेली चिंधी असावी तसे सरळ खाली लोंबायचे. बाकीचं झाड हिरवंगार आणि टोकांना ही अवकळा. पहिल्याच खेपेला मंगळवारांनी ठरवून टाकलं. रोग! त्यांनी काड्या रोवून झुबके दोऱ्याने उभे बांधून पाहिले. सोडले की परत लोळागोळा. शेजारी केशकर्तनालय होतं. तिथल्या न्हाव्याला अंगणात आणून दाखवलं.

न्हाव्याने मान तिरकी करून चारी बाजूंनी बघितलं आणि निकाल दिला, "टोकं मारा. टोकं मारली की दाट येतं."

झालं! मंगळवारांना तेच हवं होतं. लोंबेल ते कापायचं. त्यांनी बारीक कात्री आणली आणि एकेक झुबका देठापासून साफ उडवला. चट्. चट्. झाड कसं इस्त्री केल्यासारखं दिसायला लागलं. चार महिन्यांनी परत झुबके, परत चट्. सातही वर्षं त्यांनी या रोगाशी नेटाने लढा दिला, एक झुबका सोडला नाही. झाड बुंध्याने जाडजूड झालं, पण उंची त्यांच्या खांद्यापाशी अडली ती अडलीच. फुलाचा पत्ता नाही.

आठवं वर्ष लागलं. काकूंनी काही आठवण करून दिली नाही. फक्त एका सकाळी बादली जिन्याशी ठेवली, पहिल्या पायरीवर बसल्या आणि दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून झाडाकडे बघत राहिल्या. मंगळवारांनी ते खिडकीतून पाहिलं. त्यापेक्षा भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी हातातलं जाकीट टाकलं, चपला घातल्या आणि तडक माळीबुवांचं घर गाठलं.

"फसवलंस मला," दारातूनच सुरुवात. "सात वर्षं म्हणालास. आता ती झाड तोडणार. तोडायलाच पाहिजे, तिचे गुडघे गेले माझ्या हौसेपायी. पण तू खरं सांग, याला फूल येतं तरी का?"

माळीबुवा आले. अंगणात उभे राहिले. एक फांदी हातात धरून टोकाशी डोळे नेले. मग दुसरी. मग तिसरी.

"हे कापलंय कोणी?"

"मी," मंगळवार जरा ताठ झाले. "रोग पडतो त्याला. तपकिरी, लोळागोळा होऊन लोंबतं. पण मी वाढू देत नाही. दिसलं की साफ."

"सात वर्षं?"

"एकसुद्धा सोडला नाही!"

माळीबुवा बुंध्याशीच मटकन बसले. आधी काकूंना वाटलं, चक्कर आली. त्या पाणी आणायला धावल्या. परत येऊन बघतात तर हा माणूस हसतोय. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, ठसका.

"अरे मंगळवार, अरे गाढवा, ती नवी पालवी!" जरा दम घेतल्यावर ते म्हणाले. "या झाडाची पानं तशीच जन्मतात. मऊ, तपकिरी, लोंबती. आठ-दहा दिवस तशी राहतात, मग आपली आपण ताठ होतात, हिरवी होतात. म्हणे रोग! जन्मल्याजन्मल्या कोणी उभं राहतं का? तू काय, जन्मलास तो मान सावरून?"

खिशात कात्री होती, तिच्यावरचा हात मंगळवारांनी हळूच काढला. चाळीस वर्षं ज्या एका गोष्टीचा अभिमान धरला, तिनेच घात केला होता. तोंड इतकं उतरलं की माळीबुवांचं हसू आपोआप थांबलं.

"मरायचं नाही ते," ते मऊ आवाजात म्हणाले. "एक वर्ष त्याला हात लावू नकोस. बस्स."

"एक वर्ष माझ्या हातात नाही," मंगळवार काकूंकडे न बघता म्हणाले.

काकूंनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मग तळहात पुढे केला. "कात्री."

"अं?"

"ती बारीक कात्री इकडे द्या. आणि आजपासून बादली तुमची. फूल येईपर्यंत रोज सकाळी तुम्ही गच्चीवर न्यायची. एक दिवस चुकलात की कुऱ्हाड. आहे कबूल?"

असा करार झाला. माळीबुवा साक्षीला. जाताना मंगळवारांनी त्यांना विचारलं, "अजून काही सांगायचं राहिलंय का या झाडाबद्दल?" माळीबुवांनी कोटाच्या कॉलरवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "नाही, काही नाही."

पहिल्या आठवड्यात मंगळवारांची दमछाक झाली. गच्चीवर पोचल्यावर पाच मिनिटं ते कठड्याला धरून उभेच. पण उभं राहिल्यावर खाली अंगण दिसायचं आणि अंगणात झाड. मग ती सवयच झाली. कापड वाळत घालायचं, कठड्यावरून वाकायचं आणि झाडाची पाहणी करायची. झुबके आले. हात शिवशिवले, पण कात्री काकूंच्या डब्यात, बटणांखाली. आणि खरोखर, दहाव्या दिवशी ती मरगळलेली चिंधी सावरायला लागली, रुंदावली, हिरवी झाली. मंगळवारांनी अख्ख्या रस्त्याला बोलावून दाखवलं. न्हावी म्हणाला, "बघा, मी म्हणत होतो ना दाट येईल."

वर्षभरात झाडाने मागचा सगळा राग काढला. माणसाच्या वर गेलं, छत्रीसारखं पसरलं. मंगळवार वरून रोज बघायचे. हिरवं, नुसतं हिरवं. लाल टिपकासुद्धा नाही. खाली येऊन म्हणायचे, "आज नाही." काकू झाडाखाली पाट टाकून काज करत बसलेल्या असायच्या. त्यांना ती सावली फार मानवली होती. मान वर न करता म्हणायच्या, "येईल. घाई कसली?"

आता घाई कसली, हे वाक्य काकूंच्या तोंडचं नव्हे. दुसऱ्या कोणालाही शंका आली असती. पण मंगळवारांना शंका यायलाही मंगळवारच लागायचा.

तर एका दुपारी एका लहान मुलीच्या लाल कोटाला मढवलेली बटणं लावायची होती. बटणावर चढवायला गोल लाल तुकडे हवे होते आणि बेतातलं कापड संपलेलं. म्हणून मंगळवारांनी मागच्या खोलीतलं चिंध्यांचं पोतं ओढलं आणि आत हात घातला. चाळीस वर्षांचा हात तो. डोळे मिटून नुसत्या स्पर्शावर सांगेल, हे पॉपलिन, हे सॅटिन, हे अस्तर, हे अस्तराच्या नावाखाली खपवलेलं मच्छरदाणीचं कापड. हात फिरता फिरता मध्येच थांबला. हे काय? मखमल? मखमलीला पाठ असते. रेशीम? रेशीम गार लागतं. त्यांनी मूठ बाहेर काढली. लालभडक, मऊ, कडा सुकलेल्या, आणि त्यांतून लांब लांब तंतू निघालेले.

तंतू लोंबत होते. पण कापावेसे वाटले नाहीत.

ते तसेच मूठ पुढे धरून अंगणात गेले. "हे कापड कुठलं गं?"

काकूंची सुई काजात अडकली. "कुठलं म्हणजे... उडून आलं असेल. चिंधी आहे कसली तरी."

"चिंधीला परागकण असतात?"

काकूंनी ओठ आवळले, पण हसू कडेने फुटलंच. मग त्यांनी पाट सरकवला आणि शेजारी बसायची खूण केली. मंगळवार बसले. "आता वर बघा. नाही, तिकडे नाही. पानांच्या खाली. आत."

पानांच्या दाट छताखाली, जुन्या फांदीला अगदी चिकटून, खाली तोंड करून एक गेंद लटकत होता. लहान मुलाच्या डोक्याएवढा, लाल. इतका लाल की त्याचा उजेड काकूंच्या कपाळावर पडला होता. काखेत कळसा म्हणतात तो असा. फूल पानांच्या पोटात, आणि हे गृहस्थ महिनाभर गच्चीवरून त्याच्या पाठीकडे बघताहेत!

बराच वेळ मंगळवारांनी मान खाली केली नाही. शेवटी विचारलं, "पहिलं आहे?"

"चौथं."

"चौथं!"

"तीन-चार दिवसच टिकतं हो एकेक. पाकळ्या पडल्या की मी झाडून पोत्यात टाकते."

"म्हणजे तीन फुलं येऊन गेली आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगणार होते की."

"कधी?" असं ते बोलून गेले आणि लगेच त्यांनी हात वर केला. "नको. बोलू नकोस. कळलं."

काकू इतक्या हसल्या की डोळे पुसायला त्यांना पदर पुरेना. मग जरा ओशाळून म्हणाल्या, "पहिलं दिसलं ना, तेव्हा हाकच मारणार होते. तोंड उघडलं, तेवढ्यात वर जिन्यात तुमची पावलं वाजली. वाटलं, असू दे, आजचा एक दिवस. मग उद्याचा वाटला. वर्षभर चढ-उतार नाही, तर गुडघा जरा वळायला लागलाय हो. आणि खरं सांगू? सकाळी मी एकटी इथे बसायची, हे डोक्यावर. कोणाला सांगितलं असतं तर अख्खा रस्ता गोळा झाला असता."

रस्ता गोळा झालाच. मंगळवारांनी घरोघरी जाऊन लोकांना ओढून आणलं. "आत्ता चला, उद्या नाही दिसायचं!" पोस्टमन पिशवीसकट झाडाखाली शिरला. न्हावी साबणाचा ब्रश हातात तसाच, आणि त्याच्या मागे अर्धी दाढी झालेलं त्याचं गिऱ्हाईक. प्रत्येकाला कंबरेत वाकून आत जावं लागत होतं. माळीबुवाही आले. त्यांनी वाकून पाहिलं, बाहेर आले आणि म्हणाले, "खालून बघायचं असतं, हे सांगायचं राहिलं बहुतेक." मंगळवारांनी त्यांना चहा दिला. न दोरे काढता, लगेच.

झाड वाचलं. त्याबद्दल कोणाला काही विचारायचीही गरज उरली नाही. कुऱ्हाडवाल्याचा पत्ता काकूंनी ज्या कागदावर लिहून ठेवला होता, त्याचा त्यांनी मापाचा नमुना कापून टाकला.

राहिली बादली. दुसऱ्या दिवशी सकाळी मंगळवार मशीनवर बसले होते. जिन्यात बादलीचा आवाज झाला. करार संपला होता, काकू नियमाने निघाल्या होत्या. एक पायरी, मग थांबणं. दुसरी पायरी, मग जास्त थांबणं. तिसरीला बादलीची कडी वाजली. वर्षभरापूर्वी हा आवाज त्यांना ऐकूसुद्धा आला नसता. आता कुठल्या पायरीला कडी तळहातात कशी रुतते ते त्यांना पाठ होतं. मशीनचं चाक त्यांनी हाताने थांबवलं आणि उठून जिन्याशी गेले.

"सोड ती."

"अहो, फूल आलंय. शब्द म्हणजे शब्द."

"शब्द गेला खड्ड्यात," मंगळवार म्हणाले आणि बादली हातातून घेतली. "मला वरून काही दिसत नाही. तू आपली खाली बस आणि पाचवं आलं की हाक मार. त्याच दिवशी. मी ओलं कापड टाकून खाली येईन."

काकू खाली उतरल्या, पाट घेतला आणि झाडात शिरल्या. वर मधल्या वळणावर बादली भिंतीला लागली आणि पाणी पायावर सांडल्याचा आवाज आला. त्यानंतर मंगळवार जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण चढायचे ते थांबले नाहीत.